ओरडणाऱ्या बोकडाची जीभ

शकू तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलेना, आणि माझी झोप उडाली. सासूबाई म्हणाल्या, "बोकडाची जीभ खायला घाल, घडाघडा बोलंल." मी मॅट्रिक झालेली, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी बाजाराच्या दिवशी बारामतीला खाटकापुढे जाऊन उभी राहिलेच.

"नुसती जीभ मिळत न्हाय, वैनी. सगळी मुंडी घ्यावी लागंल."

मागचे एक आजोबा म्हणाले, "पर बोकड मुका निघाला तर, पोरी?"

मला ते पटलं, हे कबूल करायला लाज वाटते. मी खाटकाला विचारलं, "हा ओरडायचा का हो?"

"लई! शेजारी भांडायला यायचं."

मी लगेच पिशवी पुढे केली.

घरी सासूबाईंनी जीभ काढून उकडली, पांढरी साल खरवडली आणि लसूण-मिरचीवर परतली. मुंडी शेजारीच परातीत होती.

"खा गं माझे बाय, म्हंजी बोलशील."

शकूने तुकडा हातात धरला, वाकून मुंडीच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "मग आता ह्यो कसा बोलंल?"