ओल्या लाकडाचे आभार

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्ष, आमच्या सरपंच पुष्पाबाई. आपल्याला गॅसचं यंत्र देणाऱ्या संस्थेच्या गोंदियाच्या कार्यालयातून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, माननीय चंद्रकुमार साहेब. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या, त्याच संस्थेच्या इंजिनियर दिव्याताई. टोल्यावरून, म्हणजे आपल्या वरच्या वस्तीवरून, आलेले बिसरामभाऊ मडावी आणि त्यांची मंडळी. आणि समोर बसलेल्या माता-भगिनींनो, बंधूंनो. पाणी वापर संस्थेचा सचिव म्हणून आभार मानायचं काम माझ्याकडे, म्हणजे योगराज लंजेकडे, आलं आहे. आभाराचं भाषण सुरू होईपर्यंत लोकांचं नाक मागच्या पंगतीकडे वळलेलं असतं, हे मला ठाऊक आहे. तरी बसा जी थोडं. आज मला जरा जास्त बोलायचं आहे.

पहिले आभार मुन्नाभाऊ मंडपवाल्यांचे. मघाशी कार्यक्रम ऐन रंगात असताना दिवे गेले, माईक बंद पडला, तेव्हा त्यांनी आपलं डिझेल जनरेटर लावून दिलं. मागून जो धडधडाट येतो आहे, तो त्याचाच. ज्या ताईंनी गावाचं डिझेल सुटावं म्हणून इथे तीन वर्षं काढली, त्यांचा निरोप आपण डिझेलवर करतो आहोत. मुन्नाभाऊ, तुमचा यात काही दोष नाही.

दुसरे आभार ताईंचे. आमच्या वाडवडिलांनी तलाव बांधला, त्याचा आम्हाला फार अभिमान. पण पाणी गेलं खालच्या बांध्यांना, म्हणजे आमच्याच धानाच्या खाचरांना. टोल्यावरच्या बांध्या चढावर. त्यांना तलाव नुसता दिसायचा. हे आमच्या कधी डोक्यात तरी आलं होतं का? ताईंनी तलावाच्या पाळीवर गॅसचं यंत्र बसवलं. तुराट्या, आरागिरणीतले तुकडे, जंगलात माजलेली रायमुनियाची झुडपं, जे आपण जाळून टाकत होतो किंवा कुजू देत होतो, ते त्यात जातं. आत हवा मोजकी सोडायची, की त्या लाकडाचा गॅस होतो. तो गाळून इंजिनाला द्यायचा आणि इंजिन पंप ओढतं. आज बिसरामभाऊंच्या बांधीत उन्हाळी धान उभा आहे. नियम एकच, लाकूड खडखडीत वाळलेलं हवं. ओलं गेलं की गॅस मरतो, डांबर सुटतं आणि इंजिन जाम होतं. ताईंनी हे आमच्याकडून इतकं घोकून घेतलं की माझी नात भातुकलीतही चुलीपुढे हेच बजावते.

तिसरे आभार गावातल्या माता-भगिनींचे, आणि इथे माझी जीभ अडखळते.

समितीत ठरलं होतं, आजचा कार्यक्रम आपल्याच गॅसवर करायचा, दिवे-माईकची वीज त्याच इंजिनावर काढायची आणि त्यासाठी घरोघरून एकेक लाकूड घ्यायचं. आपल्याकडे लेकीच्या लग्नाला मांडवाचं लाकूड असंच घराघरातून येतं. सकाळी मी यंत्रापाशी होतो. लीलाबाई ऐनाची फांदी घेऊन आल्या. ताजी तोडलेली, वरून हळद लावलेली. मी म्हणालो, "लीलाबाई, हे ओलं आहे वो. वाळलेलं आणा."

त्या म्हणाल्या, "लेक जाऊन राहिली आपली. तिच्या मंडवाले वाळलं लाकूड आणू का? वाळलं सरणाले नेतात."

त्यांच्या मागे सगळ्या तशाच उभ्या, हळद लावलेली ओली लाकडं घेऊन. मला नाही म्हणवेना. मीही लेकीचा बाप आहे. कुऱ्हाड घेतली, तुकडे केले आणि भरले. मनाशी म्हटलं, खाली वाळलेलं आहेच, कार्यक्रम निघून जाईल.

साहेब, तुम्ही भाषणात म्हणालात, ताई गेल्यावर गाव हे यंत्र चालवू शकतं का ते पाहायला आलो आहे. जमत नसेल तर यंत्र तिकडे नेऊ, दुसरं गाव मागणी करून बसलं आहे. तुम्ही खाली बसलात आणि दिवे गेले. ताई यंत्राकडे धावल्या, मागून मी. झाकण उघडलं तर पांढरी वाफ आली आणि वरच्या तुकड्यांवर हळद दिसत होती. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी झाकण लावलं, इथे आल्या आणि तुम्हाला म्हणाल्या, "सर, चूक माझी. गाळणी साफ करायची राहिली."

त्यावर तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, की एवढी साधी गोष्ट जिला जमत नाही तिच्याकडे ठरल्याप्रमाणे चार नव्या गावांचं काम द्यायचं का, याचा विचार करावा लागेल. आणि आम्ही काय केलं? शाल देताना टाळ्या वाजवल्या. ओलं लाकूड कोणी आणलं, कोणी भरलं, हे या मांडवात प्रत्येकाला माहीत होतं. एकानेही तोंड उघडलं नाही.

लीलाबाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "काऊन बोलत नाही जी तुम्ही?"

मी म्हणालो, "बोललो तं मशीन जाईल."

त्या म्हणाल्या, "अन् पोरगी?"

मला लाज वाटली. केस पिकल्यावर अशी लाज वाटेल असं वाटलं नव्हतं. पण यंत्र गेलं तर नुकसान माझं नव्हे, बिसरामभाऊंचं. त्यांचा धान आत्ता पोटरीत आहे, लोंब्या निघायच्या बेतात; आता पाणी तुटलं तर तो गेलाच. म्हणून इथे उभं राहण्याआधी मी त्यांना विचारून आलो. ते म्हणाले, "सांगून टाका. पोरीचं नाव बुडवून पाणी नाई पायजे मले." पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या बांधीला आम्ही पाणी दिलं नाही, त्यांनी हे सांगितलं.

तर साहेब, गाळणी ताईंनी काल माझ्यासमोर साफ केली होती. चूक आमची आहे. लाकूड गावाचं आणि हात माझा. यंत्र न्यायचं ठरलं तर आम्ही अडवणार नाही, ट्रॅक्टरवर चढवून देऊ. पण ताईंची चार गावं ताईंना द्या.

सर्वांचे आभार मानून झाले. आता राहिली माफी. आजवर प्रत्येक कार्यक्रमात मी ती सरावाने मागितली आहे आणि समोरच्यांनी ती सरावानेच दिली आहे. ताई, आज तसं करू नका. मान डोलावायची घाई करू नका. आम्ही तुम्हाला लेक म्हटलं आणि तुमच्यावर वेळ आली तेव्हा टाळ्या वाजवत बसलो. आधी साहेबांना खरं काय ते तुमच्या तोंडाने सांगा. मग आम्हाला माफ करायचं की नाही, ते ठरवा.