व्यंकोबाचा काळा चष्मा

...आणि वर काढायचा नाही म्हणे! डॉक्टरीणबाई बजावते, "सार, मोतीबिंदू काढलाय, महिनाभर काळा चष्मा. देवळातसुद्धा काढायचा नाही!" अहो बाई, तुमचं काय जातं सांगायला? तुम्हाला सांगतो, आमच्या व्यंकोबानं जन्मभर बँकेत मान खाली घालून नोकरी केली, कुंभकोणात कुत्रंसुद्धा त्याला बघून बाजूला झालं नाही... आणि चष्मा लावून निघाला तर पानवाला उठून उभा! "अण्णाची, कुठल्या पक्षाकडून उभे राहताय?" ऑटोवाला घासाघीस न करता चक्क रास्त भाडं सांगतो! फुलवाली अलमेलू, रोज शिळा गजरा गळ्यात मारणारी, ती पदर सावरून म्हणते, "सामी, फुलांकडं बघताय का माझ्याकडं?" आता फुलांकडंच हो! पण पटवायचं कसं? काळ्या चष्म्यामागं काय चाललंय, सांगता येतं का?

व्यंकोबाला घोर निराळाच. लेक जयश्री हिला पापनाशमचं स्थळ आलेलं. आपल्यातलं, घरात मराठी बोलणारं! या तमिळ मुलखात अशी घरं उरलीत किती? त्यात फोटो बघून जयश्रीनं नाक मुरडलं नाही असा हा पहिलाच मुलगा. सगळं ठरवलं तिरुविडैमरुदूरच्या सुब्बलक्ष्मीमावशीनं. बापांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. आपल्या रीतीप्रमाणं दोन्ही घरांनी संध्याकाळी देवळात "सहज" भेटायचं. सहज कसलं... सहा साड्या बदलून सहज! आणि सहज भेटायला बाप निघाला असा, वसुलीला निघालेल्या गुंडासारखा.

जयश्री मैत्रिणीबरोबर परस्पर येणार होती. म्हणून व्यंकोबा बायकोला, मंगलाला, घेऊन देवळाजवळच्या हॉटेलात कॉफीला शिरला. टंबलर तोंडाला लावतो तो समोरच्या टेबलावर कोण? एक जाडजूड गृहस्थ, शेजारी बायको, आणि डोळ्यांवर काळा चष्मा!

आता आपली खोड तुम्हाला ठाऊक आहे. घराबाहेर पडलं की तमिळ. पण चारचौघांत कुणाला नावं ठेवायची असली की मराठी काढायची, खुशाल, मोठ्यानं! कळतंय कुणाला? व्यंकोबा सुरू...

"अगे मंगला, तो बघ. माणूस सरळ नव्हे."

"हळू वो!"

"हळू कशाला? त्याला काय कळतंय? संध्याकाळी काळा चष्मा! एक तर जमिनी लाटतो, नाहीतर दुसरं बिऱ्हाड आहे. बायको बघ बिचारी, सोसून सोसून वाळलीय. असल्या घरात मी जयश्रीची चप्पलसुद्धा पाठवणार नाही!"

"तुमच्या डोळ्यांवर काय आहे मग?"

"माझं ऑपरेशन झालंय!"

तो गृहस्थ ढिम्म. हसला? रागावला? काळ्या चष्म्यामागं काय चाललंय, सांगता येतं का?

तुम्ही ओळखलंत ना? व्यंकोबानं नाही ओळखलं! देवळात शिरला, मावशी लगबगीनं पुढं आली, "हे पद्मनाभराव, मुलाचे वडील..." आणि समोर तोच चष्मा! व्यंकोबानं नमस्काराला जोडलेले हात तसेच तोंडावर घेतले. मंगलानं डोळे मिटून घेतले. देवासमोर असल्यानं ते शोभलं तरी!

पद्मनाभराव शुद्ध आपल्या मराठीत म्हणाले, "बसा. माझंही मोतीबिंदूच."

बस्स. तिकडं खांबाआड जयश्री आणि त्यांचा सूर्या खिदळतायत, इकडं दोन बाप समोरासमोर, दगडी द्वारपालांसारखे. व्यंकोबाचा जीव टांगणीला... हा मनुष्य आता उठणार, हात झटकणार, आपल्या जिभेपायी लेकीचं जमलेलं मोडणार! अखेर पद्मनाभराव खाकरले.

"मुलांचं जमलंय. आम्हाला मुलगी पसंत."

व्यंकोबाला रडू फुटायचं बाकी. "आणि... ते हॉटेलातलं..."

"कुठलं हॉटेल?" पद्मनाभराव म्हणाले. मग बायकोकडं वळून, मोठ्यानं, "पण सुनेची चप्पल मात्र आपणच घेऊ गे. तिकडून यायची नाही!"

लग्न झालं. दोघांचे महिने केव्हाच उलटले, डॉक्टरीणबाईनं चष्मे काढा म्हणून सांगितलं. पण व्यंकोबा काढेल तर शपथ! "चप्पल" शब्द निघाला की त्याचे डोळे अजून खाली जातात, ते व्याह्यांना दिसायला नकोत म्हणे. तेव्हा सणासुदीला व्यंकोबा चष्मा लावून पापनाशमला जातो... आणि दार उघडायला पद्मनाभराव येतात, तेही चष्मा लावून! ते का लावतात, हे त्यांना विचारायचं धाडस व्यंकोबाला नाही. गुमान कॉफी पितो आणि परत येतो. करणार काय, आता घरचेच ते!