नावापुढचा ‘अ’

(दिल्लीत सरोजिनी नगरमधलं सरकारी क्वार्टर. टेबलावर दोघा भावांनी मिळून घ्यायच्या फ्लॅटच्या कर्जाचा, बँकेतून परत आलेला अर्ज.)

दिनकर : माझ्या नावापुढे ‘निवासी’वर ही खूण तू केलीस, दादा?

सूर्यकांत : मग कोण करणार? तू तिकडे टोरांटोत.

दिनकर : अरे, माझ्या हिश्श्याचे पैसे तिकडच्या खात्यातून आले. बँक विचारणारच ना!

कुमुद : तीस वर्षं मिनिस्ट्रीत लोकांचे अर्ज परत पाठवले यांनी. आज यांचाच आला.

सूर्यकांत : तू चहा टाक.

कुमुद : कधीचा समोर ठेवलाय. निवून गेला.

दिनकर : ‘अनिवासी’ लिहायचं, बस. एवढंच होतं.

सूर्यकांत : हात धजला नाही. सख्ख्या भावाला ‘अ’ लावायचा? म्हटलं, राहतो बाहेर, पण नागरिक तर इथलाच. घेतील समजून.

कुमुद : भाऊजी, नागरिक तर इथलेच ना?

दिनकर : तोही नाही, वहिनी. दोन वर्षं झाली. तिकडची शपथ घेतली, इथला पासपोर्ट जमा केला.

सूर्यकांत : अच्छा.

दिनकर : सांगणार होतो.

सूर्यकांत : दर रविवारी फोन करत होतास. बर्फ किती इंच पडला, तेसुद्धा सांगायचास.

दिनकर : तू असं ‘अच्छा’ म्हणशील, म्हणूनच राहिलं.

कुमुद : तुमचं रुसणं नंतर. नोएडाचा फ्लॅट मिळणार की नाही? मार्चअखेर हे रिटायर. मग ना क्वार्टर, ना कर्ज.

दिनकर : मिळेल. मूळचा इथला म्हणून मला घेता येतो, फक्त कागद वेगळे लागतात. अर्ज नव्याने भरायचा, आजच. परवा माझी फ्लाइट आहे.

सूर्यकांत : तुला कशाला हा त्रास? तुझी तर इन्व्हेस्टमेंट.

दिनकर : आणि तुमचं छप्पर. एकट्याला झेपणार आहे तुला?

सूर्यकांत : नाही.

दिनकर : मग दे इकडे. मी लिहितो.

सूर्यकांत : राहू दे. तुझं अक्षर डॉक्टरसारखं, पुन्हा परत येईल. निवासी... नाही. नागरिकत्व... कॅनडा. ‘ड’ला काना आहे ना?

दिनकर : आहे.

सूर्यकांत : भारतातला पत्ता?

दिनकर : इथलाच घाल.

सूर्यकांत : इथला? दिवाळीपर्यंत इथे दुसराच कुणी बाबू राहत असेल.

कुमुद : पेन्सिलीने लिहा.