डाव्या कोपऱ्यातला दगडू

तुम्हीच सांगा, भरवसा ठेवायचा कुणावर, टाळ्या पिटणाऱ्यांवर? पंच्याण्णव सालची गोष्ट. शेवगावात माझ्या दुकानापुढं आमच्या कबड्डी संघाचे पाठीराखे कडाकडा भांडत होते: डाव्या कोपऱ्यातला दगडू मिरजगावला देऊन त्यांचा चढाईवाला घ्यायचा का?

"आख्ख्या स्पर्धेत दगडूच्या पकडी किती? दोन!" पाठीराख्यांतले नाना गरजले.

तिथंच उभा असलेला दगडू भडकला, "आवो नाना, माज्या कोपऱ्याकडं कुनी भीतीनं फिरकतच न्हाई, मग धरू कुनाला?"

सगळे फिदीफिदी हसले. मीही हसलो आणि अदलाबदलीसाठी हात वर केला.

दगडू मिरजगावला गेला, आणि पुढच्या स्पर्धेत जो तो त्याच कोपऱ्यातून गुण लुटून गेला. अजून संताप येतो, नानांपेक्षा स्वतःचाच जास्त. तेव्हा राव, कुठल्या संघाचा हिशोब ठेवलात, तर वाचवलेले गुणही इमानानं मांडा.