मधल्या रांगेतला सातपुडा

नाही, नाही, उतरू नका, नूर महंमदभाऊ, तुमचं चालू द्या — मी आपला खालूनच बोलतो. ब्रश दातात असला तरी मान हलवता येते, तेवढं पुरे. तर मी काय म्हणत होतो — शाळेच्या भिंतीवर हा सातपुडा तुम्ही मधल्या रांगेत का घातला? रंग झकास दिलाय, इतका हिरवा की या उन्हात आमचा खरा डोंगर लाजेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण मधली रांग? वर हिमालय, तो राहू द्या वर, त्याच्याशी आपलं काही भांडण नाही — पार पत्र्याला टेकवलाय तुम्ही त्याला. खाली ठेंगणे. आणि मधे ‘मध्यम उंचीचे’ म्हणून सह्याद्री, आणि त्याच्या शेजारी आमचा सातपुडा. मध्यम! अहो, या गावातलं माणूस सकाळी दार उघडतं ते सातपुड्याचं तोंड पाहून. मी शाळा समितीवर आहे, सगळं गाव मला उखर्डू आबा म्हणतं, मला एका शब्दानं विचारायला नको?

काय? — हां, गुरुजींचा तक्ता. माहितीये हो, मीच तर पहिल्यांदा पाहिला तो, समितीच्या बैठकीत. हजार मीटरपर्यंत ठेंगणा, हजार ते दोन हजार मध्यम, त्याच्या वर उंच. झालं, संपला डोंगर! मी गुरुजींना म्हटलं, गुरुजी, डोंगर काय भाजी आहे का, गड्डी बघून वाटे लावायला? तर म्हणतात, आबा, अभ्यासासाठी असं करावं लागतं. करा बाबा. आणि खरं सांगू, मध्यम म्हणजे काही वाईट नाही. सह्याद्री कोण मोठा लागून गेला, तोही मध्यमच. मध्यम माणसाचंच घर चालतं. तेव्हा सातपुडा असू दे तिथंच, मी मोठ्या मनाचा माणूस आहे. ताक घेता का? झाकून ठेवलंय बघा पायरीवर, गरम व्हायच्या आत घ्या.

माझं काम दुसरंच आहे. ते खाली नळाशेजारी तुम्ही ‘अजिंठ्याचे डोंगर’ लिहिलंय ना — ते जरा वर घ्या. मधल्या रांगेत. सह्याद्री थोडा सरकवला की जागा होते. — का म्हणजे? नळाशेजारी आहे ना, पाणी उडणार, पोरं हात पुसणार, रंग जाणार. शाळेच्या भल्याचंच सांगतोय मी. यात माझा काय स्वार्थ? माझे कोण बसलेत अजिंठ्याच्या डोंगरात?

बसलेत. म्हणजे — आमची मंडळी तिथली. मंजुळाबाई. चाळीसगावच्या पुढं, अगदी डोंगराच्या पायथ्याला माहेर. तसा त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आता आखाजीला गेल्यात. तुम्ही इकडचेच, मेहरूणचे, तुम्हाला आखाजी, आपली अक्षय्य तृतीया, काय सांगायची — सासुरवाशिणी माहेरी जातात, भाऊ न्यायला येतो, त्याला आपण मुऱ्हाळी म्हणतो. आमच्या मंडळींना नातवंडं झाली, डोक्याचे केस पांढरे झाले, तरी दर आखाजीला रुपचंद, म्हणजे तिचा भाऊ, येणार म्हणजे येणार. मुऱ्हाळ्याचा मान काय असतो! खापरावरचे मांडे, आंब्याचा रस, वर तूप, आणि घरधन्यानं शेजारी बसून आग्रह करायचा. मी केला की. दर वर्षी करतो. यंदाही बसलो होतो मांडीला मांडी लावून. आणि हा रुपचंद जेवता जेवता काय म्हणतो — दाजी, आमच्या डोंगराकडची हवा तुमच्यापेक्षा थंड. आता तुम्हीच सांगा, माझ्या घरात बसून, सातपुड्याच्या सावलीत बसून! मी म्हटलं, रुपचंद, तुमचा डोंगर यंदा आमच्या शाळेच्या भिंतीवर येतोय बरं का — ठेंगण्यांमध्ये. आमचा मध्यम. तक्ता आलाय सरकारी. यात खोटं काय बोललो मी? तुम्ही स्वतःच्या हातानं तेच लिहिलंय ना?

एवढ्यावर थांबलो असतो तर — पण समोरचा गप्प बसला की मला चेव येतो, माझा स्वभावच तसा आहे. निघून गेलं तोंडातून. म्हटलं, ठेंगण्या डोंगराची माणसंही ठेंगणीच. आता रुपचंद आहे बुटका, मी काय करू? मी हसलो. दुसरं कोणी हसलं नाही. त्यानं रसाची वाटी बाजूला सरकवली, हात धुतला आणि ओट्यावर जाऊन बसला. भरल्या ताटावरून मुऱ्हाळी उठला हो आमच्या घरी. असं कधी झालं नव्हतं. आमची मंडळी चुलीपासून उठली, पदर खोचलेला तसाच, आणि मला म्हणाली, “तुमना डोंगर मोठा शे ना? मंग त्यालेच सांगा भाकरी कराले.” पिशवी उचलली आणि गेली.

म्हणजे चूक कोणाची? तक्त्याची. मी तर जे छापलं होतं ते वाचून दाखवलं.

आखाजी होऊन गेली. झाडांचे झोके सोडले, गावातल्या बठ्ठ्या बाया, एकूण एक, परत आल्या, आमच्या समोरची भागाबाई तर येऊन पापडाला लागली. रोज भिंतीवरून विचारते, “अक्का आल्या का हो?” मी सांगतो, येतील, हवा थंड आहे तिकडं. पोरगा नाशिकला, सून नाशिकला. घरात मी आणि मांजर. घर खायला उठतं, भाऊ, तुम्हाला म्हणून सांगतो. संध्याकाळी ओसरीवर बसलं की मी सवयीनं बोलत सुटतो आणि मग लक्षात येतं, आतून “पुरे आता” म्हणणारं कोणी नाही. फोन केला होता. रुपचंदनं उचलला, “ताईला देतो” एवढंच बोलला. तिनं घेतला आणि विचारलं, “डोंगर मोजून झाला का?” मी म्हटलं, अगं ते जाऊ दे, तू कधी येतेस? तर म्हणते, “आम्ही ठेंगणी माणसं, आम्हाला एवढ्या उंच गावात चढवत नाही.” आणि ठेवला. मला तिची फार आठवण येते, नूर महंमदभाऊ. घ्या, बोललो.

म्हणून म्हणतो, घ्या ना अजिंठा मधल्या रांगेत. एसटी थांबते ती अगदी या भिंतीसमोर. उतरली की पहिली नजर इथंच जाणार. मी काही बोलणारच नाही, नुसतं बोट दाखवीन.

नाही? — नाही का? काय? पोरं चुकीचं शिकतील? अहो, पोरं कुठं भिंत वाचतात — बरं, बरं, डोळे नका वटारू. तुमच्या हातून चुकीचं लिहिलं जाणार नाही. पटतं मला. माझ्यासारखा समितीवाला असं सांगतो हेच मुळात... बरं.

तिनं फोनवर आणखी एक सांगितलं होतं. मी ते मघाशी गाळलं. ती म्हणाली, ज्या सातपुड्याच्या जिवावर एवढं बोललात, तो तुमच्या गावामागं तरी कुठं हजार मीटर आहे? तो तिकडं अस्तंब्याला उंच, पार पचमढीला उंच, तुमच्या वाट्याला आला तो आमच्याएवढाच. मी गुरुजींना विचारलं, सहजच. गुरुजी खाली बघून म्हणाले, वहिनी बरोबर बोलतात. म्हणजे इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या उंचीवर मिशीला पीळ देत होतो.

मग असं करा. त्यांचा वर जात नाही ना? आमचा खाली आणा. हो, सातपुडा. पुसा तिथून आणि नळाशेजारी काढा, अजिंठ्याला खेटून. सबंध नको, आमच्या गावामागचा तेवढा तुकडा काढा, खाली लिहा ‘आपल्या गावचा सातपुडा’. यात तर काही खोटं नाही? मधल्या रांगेत सबंध सातपुडा हवाच असेल तर नंतर काढा, लहानसा, एका कोपऱ्यात. गुरुजींनी विचारलं तर सांगा, उन्हानं बसला. — हसू नका हो, शिडी हलते!

मी दुपारच्या गाडीनं चाळीसगावला निघालोय. मीच जातो आणायला. नवरा मुऱ्हाळी होत नसतो, लोक हसतील, हसू देत. रुपचंदला हातानं रस वाढीन, ताटाशी बसून राहीन. पाया पडायची वेळ आली तर पडेन, फार वाकावंही लागणार नाही, तो तसाही — नाही. नाही, नाही. आता असं बोलायचं नाही. ऐकलं नाही ना तुम्ही?

भिजवलं फडकं? आणा — नाही, मी नाही पुसत, तुम्हीच पुसा. जरा थांबा. मी आधी रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो.

हं. पुसा.