आत्या आजारी आहे

भिंगरी: वर्ष काय विचारतोस, दादा? तुझं लग्न झालं तेच वर्ष. तुझ्या कोटाची बाही उलटी लागली आणि आत्यानं ऐनवेळी कार्यालयाच्या दारात उभं राहून ती उसवली. त्यानंतर दोन महिन्यांनी मी तिकडे शिकायला गेले.

दादा: कागदावर बाही लिहू का? आकडा सांग.

भिंगरी: गेल्या वर्षीचा घाल. आणि राहू दे ना तो कागद जरा. तासाभरापूर्वी बसमधून उतरलेय मी. वर जाऊन आत्याला भेटू तरी दे.

दादा: वर कुणी नाही. बस इथेच. चार वाजता चौकीचा शिपाई येणार आहे कागद न्यायला. तिकडून परत आलेल्या प्रत्येकाकडून भरून घेतायत.

भिंगरी: कुणी नाही म्हणजे? वहिनी?

दादा: बाहेर गेली आहे. येईल.

भिंगरी: आणि आत्या?

दादा: सांगतो. आधी हे होऊ दे. "परदेशात राहण्याचे ठिकाण."

भिंगरी: बेकरीवाल्यांचं घर. त्यांची मुलगी माझ्या बदल्यात आपल्याकडे यायची होती, पुढच्या वर्षी. आता कशाची येतेय!

दादा: "कॉलेज बंद झाल्याची तारीख."

भिंगरी: तीन. आदल्या दिवशी सरकार पडलं, सकाळी बघतो तर फाटकाला साखळी आणि आत सैनिक. दादा, आत्याच्या शिलाई मशीनवर खोळ का रे? भर दुपारी तिचं मशीन झाकलेलं मी जन्मात बघितलं नाही.

दादा: धूळ बसते. "परतल्याची तारीख." आज एकोणीस. तुझ्याबरोबरची पाचही जणं नऊ तारखेच्या विमानानं आली. पेपरात फोटो होता. आत्यानं भिंग लावून... मी भिंग लावून बघितला. तू नव्हतीस.

भिंगरी: आत्यानं म्हणालास.

दादा: मी म्हणालो, मी. दहा दिवस कुठे होतीस?

भिंगरी: बेकरीतच.

दादा: पाव भाजत?

भिंगरी: कर टिंगल.

दादा: हात दाखव.

भिंगरी: कशाला?

दादा: दाखव म्हणतो ना. हं. पाव भाजणाऱ्याला चटके बसतात. ही सुईची टोचणी आहे. अंगठ्याची तर चाळण झालीय. शिंप्याच्या घरात थापा मारतेस, तेही बोटांच्या?

भिंगरी: हे पण लिहिणार आहेस का त्यात?

दादा: ते ऐकल्यावर ठरवीन. झेंडे शिवलेस?

भिंगरी: झेंडे नाही रे. नंबर.

दादा: कसले नंबर?

भिंगरी: घरचे, फोनचे. पोरं मोर्चाला जायची. सैनिकांनी धरली की फोन काढून घ्यायचे, खिसे रिकामे करायचे. मग कुणी बेशुद्ध पडलं तर दवाखान्यातही कळायचं नाही, कोण कुठला. म्हणून मी कॉलरची पट्टी उसवायची, आत दोऱ्यानं नंबर भरायची आणि पुन्हा शिवून टाकायची. बाहेरून पत्ता लागत नाही. पहिला शर्ट बेकरीवाल्यांच्या मुलीचा. मग माझ्यापुढे रांगच लागली.

दादा: नसते उद्योग! तुला शिकायला पाठवली होती की दुकान मांडायला?

भिंगरी: त्या मुलीच्या आईला त्याच नंबरावर फोन आला दादा, अकरा तारखेला. पायाला लागलंय पण जिवंत आहे म्हणून. त्यानंतर मला उठवेना तिथून.

दादा: किती शिवलेस?

भिंगरी: मोजले नाहीत. दोरा संपला तेव्हा निघाले.

दादा: ...विमानात जागा मिळाली नाही. असं लिहितो इथे. कुणी विचारलं तर तूही तेच सांग.

भिंगरी: सांगेन. पण आत्याला खरं सांगणार आहे मी. आधी शिव्या घालेल, मग टीप कुठली घातलीस विचारेल. आईमागे तिनंच सुई धरायला शिकवली आपल्याला. आता बोल, कुठे आहे ती?

दादा: मी आठ तारखेला फोन केला होता तुला.

भिंगरी: हो.

दादा: काय म्हणालो होतो?

भिंगरी: आत्या आजारी आहे, असशील तशी ये.

दादा: मग?

भिंगरी: मग काय? आपलं ठरलंच होतं की. फोन कुणी ऐकत असलं तर "दंगल आहे, पळून ये" असं उघड बोलायचं नाही. "आत्या आजारी आहे" म्हटलं की समजायचं, घरच्यांचा धीर सुटलाय, निघायचं. तिचीच ती अक्कल. "माझंच नाव घाला. मला मेलीला कधी साधं पडसं होत नाही, घोटाळाच व्हायचा नाही."

दादा: तरी निघाली नाहीस.

भिंगरी: मला वाटलं, टीव्ही बघून घाबरलात. दोन दिवसांनी थंड व्हाल.

दादा: "तिला म्हणावं, गोळी घे आणि पडून राहा." असं म्हणालीस. हसत होतीस.

भिंगरी: तू रडत होतास. मला वाटलं, दादाला नाटक बरं जमायला लागलं.

दादा: खरंच आजारी आहे, असं म्हणालो होतो मी. दोनदा.

भिंगरी: म्हणून तर ते जास्तच... दादा?

दादा: दुसरं काय म्हणायला हवं होतं मी? सांग ना. आजारी माणसाला आजारी नाही तर काय म्हणतात?

भिंगरी: दवाखान्याचं नाव घ्यायचंस! खाट कितवी ते सांगायचंस!

दादा: सुचलं नाही गं. फोन ठेवला तेव्हा सुचलं. मग लावत बसलो, तर लागेना.

भिंगरी: नऊपासून देशाबाहेरचे सगळे फोन तोडले होते, गावातल्या गावातच लागायचे. परवा सुरू झाले. खोटं नाही सांगत.

दादा: मला वाटलं, कळूनसवरून आली नाहीस. आत्ता तू सांगेपर्यंत तेच वाटत होतं. पेपरातला तो फोटो तिनंच बघितला, खाटेवर, भिंग लावून. तू त्यात नाहीस म्हटल्यावर मी तुला वाट्टेल ते बोललो. ती म्हणाली, "गप रे. हातात काहीतरी काम असेल पोरीच्या."

भिंगरी: कुठला दवाखाना? ऊठ. चल.

दादा: एक रकाना राहिलाय.

भिंगरी: खड्ड्यात गेला रकाना!

दादा: "घरातील माणसे." सकाळपासून कागद समोर घेऊन बसलोय, तेवढंच भरवत नाही.

भिंगरी: चार. तू, वहिनी, मी, आत्या. घाल चार आणि ऊठ.

दादा: तीन, भिंगरे. आत्या चौदा तारखेला गेली. गुरुवारी, सकाळी सव्वानऊला.