डाळमिलची बोली

जळगावच्या दवाखान्यात नात पलकच्या शेजारी रुपचंदनाना आणि झुंबरबाई बसले होते. नानांच्या कानात नवंकोरं यंत्र होतं.

"कानाच्या आत बारीक केस असतात म्हणे. काही वयानं झडले, काही मिलच्या खडखडाटानं. परत उगवत नाहीत," नाना म्हणाले.

"दहा वर्षं घरात कुणाला कळलं कसं नाही, विचारत होते डॉक्टर," झुंबरबाई म्हणाल्या.

"तू कळू दिलंस कुठं? जेवायला चला, नात काय म्हणते, बठ्ठं, सगळंच, मिलमधल्यासारखं हातानंच सांगायचीस."

"तीस वर्षं दोघं त्या मिलमध्ये होतो. हातांची सवय जाते का? आता मात्र तोंडानं बोलेन."

"यंत्र बाकीच्यांसाठी गं. तू आपली हातानंच बोल."

झुंबरबाईंनी बशी धरल्यासारखे हात ओठांशी नेले.

"चल," नाना उठले, "मलाही चहाच हवाय."